श्वेतकोशिका क्षारीय फॉस्फेटेज परीक्षा

रक्तातील न्यूट्रोफिल या प्रकारच्या श्वेत कोशिकांमध्ये क्षारीय फॉस्फेटेज नावाचे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियेस चालना देणारे प्रथिन) किती प्रमाणात आहे, हे रंजनक्रियेच्या साहाय्याने अजमावण्याची एक परीक्षा. रक्तातील श्वेत कोशिकांची संख्या प्रमाणाबाहेर वाढलेली असताना ती वाढ संक्रामणामुळे झालेली आहे की चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदामुळे, हे ठरविण्यासाठी ही परीक्षा प्रामुख्याने वापरली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सु. चार दशके रक्तविज्ञानाच्या प्रयोगशाळांत तिला महत्त्वाचे स्थान होते. पुढे गुणसूत्रांच्या व जीनांच्या प्रत्यक्ष तपासणीमुळे तिचा उपयोग बराच कमी झाला. तथापि रोगनिदानाच्या इतिहासात तिची कथा अनेक दृष्टींनी बोधप्रद आहे.

ज्या प्रश्नाचे उत्तर ही परीक्षा देते तो प्रश्न श्वेतकोशिकार्बुदाच्या शोधाइतकाच जुना आहे. १८४५ मध्ये एडिंबरो येथील जॉन ह्यूझ बेनेट आणि बर्लिन येथील रूडोल्फ फिरखो यांनी काही आठवड्यांच्या अंतराने एकाच प्रकारच्या रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली. दोघांच्याही रुग्णांची प्लीहा (पाणथरी) अतिशय वाढलेली होती व मृत्यूनंतर तपासलेल्या रक्तात वर्णहीन कोशिकांचे प्रमाण विलक्षण होते. बेनेट यांनी हा रक्तात झालेला पू असल्याचे मानले. पुवातील कोशिका आणि रक्तातील श्वेत कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, हे लक्षात घेता त्यांचा तर्क गैर म्हणता येणार नाही. फिरखो यांना मात्र शरीरात पू होण्याजोगे कोणतेही स्थान आढळले नाही. त्यामुळे त्यांनी कारणाविषयी काही गृहीत न धरता केवळ ‘पांढरे रक्त’ असे वर्णन केले आणि १८४७ मध्ये त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून रोगाला ल्यूकेमिया हे नाव दिले. फिरखो यांचे मत टिकले. परंतु बेनेट यांच्या मनातील शंका, म्हणजे शरीरात कोठेतरी चाललेल्या दाहामुळेही असेच चित्र दिसू शकेल ही शक्यता, निकालात निघालेली नव्हती.

ती शंका पुढे वेगळ्या स्वरूपात प्रकट झाली. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तात दर घन मिलिमीटरमध्ये साधारणपणे ४,००० ते ११,००० श्वेत कोशिका असतात. न्यूमोनिया, क्षयरोग, मोठी भाजणी, तीव्र रक्तस्राव किंवा अस्थिमज्जेपर्यंत पसरलेला कर्करोग यांमध्ये काही रुग्णांत ही संख्या ५०,००० किंवा त्याहूनही वर जाते आणि एरव्ही अस्थिमज्जेतच राहणाऱ्या अपक्व कोशिका रक्तात उतरतात. रक्तचित्र अशा वेळी हुबेहूब श्वेतकोशिकार्बुदासारखे दिसते. १९२६ मध्ये अमेरिकन विकृतिवैज्ञानिक एडवर्ड क्रुंभार यांनी अशा अवस्थांचा एकत्रित विचार करून त्यांना ‘ल्यूकेमॉइड’, म्हणजे श्वेतकोशिकार्बुदसदृश, असे विशेषण लावले. नाव मिळाले, पण ओळखण्याची खूण मिळाली नाही.

ही खूण नसणे रुग्णाच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हती. चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्लीहेवर क्ष-किरण सोडण्याचा उपचार रूढ होता आणि १९५३ मध्ये बसल्फान हे औषध उपयोगात आले. दोन्ही उपाय अस्थिमज्जेतील कोशिकानिर्मिती दडपतात. क्षयरोगाने किंवा खोलवरच्या गळवाने पीडित रुग्णाला हे उपचार दिले, तर ज्या कोशिकांच्या आधारे तो संक्रामणाशी झुंज देत आहे त्याच नष्ट केल्यासारखे होते. याउलट श्वेतकोशिकार्बुदाच्या रुग्णात नसलेल्या गळवाचा शोध घेत राहिल्यास महिनेच्या महिने वाया जात. अनुभवी वैद्य प्लीहेचा आकार, ताप, रक्तातील बेसोफिल कोशिकांचे प्रमाण यांवरून बहुधा योग्य तर्क करीत. परंतु तो तर्कच असे.

एंझाइमाची ओळख : क्षारीय फॉस्फेटेजाचा अभ्यास रक्ताशी संबंधित नसलेल्या एका प्रश्नातून सुरू झाला. १९२३ मध्ये लंडन येथील लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या हाडांत फॉस्फेटयुक्त कार्बनी संयुगांपासून फॉस्फेट मुक्त करणारे एंझाइम असल्याचे दाखविले आणि हाडांच्या कॅल्सीभवनाशी त्याचा संबंध जोडला. क्षारीय माध्यमात ते सर्वाधिक कार्यक्षम असते, म्हणून त्यास क्षारीय फॉस्फेटेज म्हणतात. यकृत, वृक्क (मूत्रपिंड), आतड्याचे अस्तर व अपरा (वार) यांतही ते वा त्याचे निकटचे प्रकार सापडतात. हे एंझाइम ऊतकात नेमके कोठे आहे हे डोळ्यांनी पाहण्याची युक्ती १९३९ मध्ये निघाली. अमेरिकेतील जॉर्ज गोमोरी व जपानमधील तकामात्सू यांनी परस्परांच्या कार्याची माहिती नसताना ती शोधून काढली. ऊतकाच्या पातळ छेदावर फॉस्फेट संयुग व कॅल्शियम लवण यांचा विद्राव ठेवला असता एंझाइमाच्या जागी मुक्त झालेले फॉस्फेट कॅल्शियमाशी संयोग पावून तेथेच अवक्षेपित होते (न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते). या रंगहीन अवक्षेपाचे पुढे काळ्या पदार्थात रूपांतर केले की, एंझाइमाचे स्थान सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते.

हीच पद्धत माक्स वाक्‌स्टाइन यांनी रक्ताच्या व अस्थिमज्जेच्या कोशिकांना लावली. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत न्यूट्रोफिल कोशिकांमध्ये एंझाइम दिसून आले, संक्रामणात ते वाढलेले आढळले आणि चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदातील पक्व न्यूट्रोफिलांत ते अत्यल्प असल्याचे दिसले. या निरीक्षणाला संख्येचा आधार दिला तो कॅलिफोर्नियातील विल्यम व्हॅलेंटाइन व विल्यम बेक यांनी. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधमालेत त्यांनी रक्तातून श्वेत कोशिका वेगळ्या करून त्यांची एंझाइमक्रिया रासायनिक पद्धतीने मोजली. संक्रामणजन्य कोशिकावाढीत ती निरोगी व्यक्तीपेक्षा कितीतरी अधिक, तर मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदात फारच कमी भरली. जे दोन रोग रक्तचित्रात एकमेकांच्या सर्वांत जवळ येत होते ते या मोजमापात दोन विरुद्ध टोकांना गेले. वैद्यकातील कसोट्यांत असे क्वचितच घडते; बहुतेक कसोट्यांत रोगी व निरोगी यांच्या आकड्यांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात.

रासायनिक मोजमापाला दोन मर्यादा होत्या. त्यासाठी बरेच रक्त व परिश्रम लागत. शिवाय मिळणारे उत्तर सर्व श्वेत कोशिकांची सरासरी असे. लसीका कोशिकांत व अपक्व मज्जाकोशिकांत हे एंझाइम मुळातच जवळजवळ नसते. तेव्हा सरासरी घटली ती न्यूट्रोफिलांत एंझाइम कमी असल्यामुळे की अपक्व कोशिकांची भरती झाल्यामुळे, असा आक्षेप शिल्लक राहत होता. प्रत्येक पक्व न्यूट्रोफिल स्वतंत्रपणे पाहणे हेच त्याचे उत्तर होते.

कॅप्लो यांची गुणांकन पद्धत : त्यासाठी लागणारे अधिक सुटसुटीत रसायनशास्त्र १९४४ मध्येच उपलब्ध झाले होते. एंझाइमांच्या गतिविज्ञानातील १९१३ च्या प्रसिद्ध समीकरणाशी जिचे नाव निगडित आहे त्या मॉड मेंटेन (१८७९–१९६०) या कॅनेडियन विदुषीने पिट्सबर्ग येथे आपल्या सहकाऱ्यांसह वृक्काच्या ऊतकावर ॲझो रंजकाचा प्रयोग केला. यात नॅप्थॉलाचे फॉस्फेट संयुग वापरतात. एंझाइमाने फॉस्फेट तोडताच सुटे झालेले नॅप्थॉल विद्रावातील डायाझोनियम लवणाशी संयोग पावते आणि त्याच ठिकाणी रंगीत, अविद्राव्य रंजक तयार होते. मेंटेन यांचे नाव समीकरणामुळे सर्वतोमुखी झाले, परंतु ऊतकरसायनातील त्यांचे हे कार्य त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

१९५५ मध्ये लेनर्ड कॅप्लो यांनी ॲझो रंजक पद्धत रक्तलेपासाठी बेतली व तिला गुणांकनाची जोड दिली. पद्धत थोडक्यात अशी : बोटाच्या टोकाला टोचून काढलेल्या ताज्या रक्ताचा काचपट्टीवर पातळ लेप देतात. थंड फॉर्मॅलीन व मिथेनॉल यांच्या मिश्रणात तो सु. अर्धा मिनिट ठेवून त्याचे स्थिरीकरण करतात. मग नॅप्थॉल फॉस्फेट व डायाझोनियम लवण असलेल्या क्षारीय विद्रावात तो ठराविक वेळ ठेवून धुतात आणि केंद्रके दिसावीत म्हणून दुसऱ्या रंजकाने रंगवितात. सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने १०० न्यूट्रोफिल पाहून प्रत्येकास ० ते ४ यांपैकी गुण देतात. मुळीच रंगकण नसल्यास ०, पुसट व विरळ असल्यास १ आणि संपूर्ण कोशिकाद्रव्य गडद कणांनी भरून केंद्रकही झाकले गेल्यास ४; मधल्या पायऱ्यांना २ व ३. सर्व गुणांची बेरीज हा परीक्षेचा निष्कर्ष होय. अर्थात तो ० ते ४०० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. उदा., १०० कोशिकांपैकी ५० ना शून्य, ३० ना १, १५ ना २, चारांना ३ व एकीला ४ गुण मिळाल्यास बेरीज ७६ येते व ती सर्वसाधारण समजली जाते. चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदात नव्वदांहून अधिक कोशिका कोऱ्या असतात व बेरीज दहाच्या आतही राहते, तर ल्यूकेमॉइड अवस्थेत ती दोनशेच्या पुढे जाऊ शकते. इंग्लंडमधील केंब्रिज येथील हेहो व क्वालिनो यांनी १९५८ मध्ये आपली सुधारित पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर रंजके व विद्राव बदलत गेले. गुणांकनाचा सांगाडा मात्र कॅप्लो यांचाच राहिला.

एवढ्या साध्या परीक्षेतही काळजी घेण्याजोग्या गोष्टी पुष्कळ होत्या. रक्त साकळू नये म्हणून नेहमी वापरण्यात येणारे ईडीटीए हे रसायन एंझाइमाला आवश्यक असलेली धातूंची आयने बांधून ठेवते. म्हणून रक्त थेट बोटातून घेणे श्रेयस्कर. लेप शिळा झाल्यास एंझाइमक्रिया मंदावते. १ आणि २ यांमधील सीमारेषा बघणाराच्या नजरेवर अवलंबून असल्याने दोन तंत्रज्ञांच्या बेरजा सहसा जुळत नसत. यामुळे प्रत्येक प्रयोगशाळेने निरोगी व्यक्तींवरून आपली सर्वसाधारण मर्यादा स्वतः ठरवावी असा दंडक पडला. अनेक ठिकाणी ती ४० ते १०० च्या आसपास मानली जाई. रंजनक्रिया बिघडल्यास सर्वच कोशिका कोऱ्या दिसतात व निरोगी माणसालाही श्वेतकोशिकार्बुदाचा शिक्का बसण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी रुग्णाच्या लेपाबरोबर, ज्यात एंझाइम खात्रीने भरपूर आहे असा तुलनात्मक लेपही रंगवीत. गर्भारपणात हे एंझाइम वाढते. साहजिकच पूर्ण दिवस भरत आलेल्या एखाद्या गर्भवतीचे रक्त या कामी येई.

इतर रोगांतील उपयोग : परीक्षेचा दुसरा उपयोग तांबड्या कोशिका वाढलेल्या रुग्णांत झाला. पॉलिसायथीमिया व्हेरा या अस्थिमज्जेच्या मूळ विकारात बेरीज बहुधा वाढलेली असते. फुप्फुसाच्या रोगामुळे किंवा उंच प्रदेशातील वास्तव्यामुळे तांबड्या कोशिका वाढल्या असतील तर ती सर्वसाधारण राहते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय पॉलिसायथीमिया व्हेरा अभ्यासगटाने ताप वा संक्रामण नसताना शंभरांहून अधिक बेरीज हा निदानाचा एक दुय्यम निकष म्हणून स्वीकारला होता. हॉजकिन रोगात आणि अस्थिमज्जा निकामी होऊन होणाऱ्या पांडुरोगातही बेरीज वाढते. उलटपक्षी, झोपेतून उठल्यावर गडद लाल लघवी होणे हे ज्याचे ठळक लक्षण आहे, त्या नैश आवेगी हीमोग्लोबिनमेहात ती घटलेली असते. लंडन येथील लूइस व डेसी यांनी १९६५ मध्ये याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. हायपोफॉस्फेटेशिया या हाडांच्या आनुवंशिक रोगातही ती नीचांकी असते, कारण हाडातील व न्यूट्रोफिलातील एंझाइम एकाच जीनापासून तयार होते. या रोगाचे वर्णन कॅनडातील जॉन रॅथबन यांनी १९४८ मध्ये केले. रॉबिसन यांच्या हाडांपासून निघालेला धागा येथे पुन्हा हाडांपाशी येतो.

एक आकर्षक पण चुकीची उपपत्ती : श्वेतकोशिकार्बुदात हे एंझाइम नाहीसे का होते, या प्रश्नाचे उत्तर १९६० नंतर काही वर्षे सापडल्यासारखे वाटत होते. १९५९ मध्ये झेरॉम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांत एक लहान गुणसूत्र जास्त असल्याचे दाखविले व त्यास २१ वे मानण्यात आले. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथील पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदाच्या कोशिकांत आखूड झालेले एक लहान गुणसूत्र आढळले. तेही २१ वेच असावे असा समज झाला. लवकरच डाउन लक्षणसमूहात न्यूट्रोफिलांतील क्षारीय फॉस्फेटेज वाढलेले असल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. गुणसूत्राच्या तीन प्रती असल्या की एंझाइम जास्त, त्याचा तुकडा गळाला की कमी. तेव्हा एंझाइमाचे जीन २१ व्या गुणसूत्रावर असले पाहिजे, हा निष्कर्ष जवळजवळ अपरिहार्य वाटला.

तथापि विसंगती डोकावू लागल्या. डाउन लक्षणसमूहात ग्लुकोज–६–फॉस्फेट डीहायड्रोजनेज हेही एंझाइम श्वेत कोशिकांत वाढलेले आढळले, आणि त्याचे जीन तर एक्स गुणसूत्रावर असल्याचे माहीत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे श्वेतकोशिकार्बुदाच्या रुग्णाला संक्रामण झाले किंवा उपचारांनी त्याची कोशिकासंख्या उतरली की, विकृत गुणसूत्र कायम असतानाही त्याची बेरीज वाढे. जे जीन गळून पडले आहे ते पुन्हा कार्य करू लागणे शक्य नाही. १९७० मध्ये स्वीडनमधील कॅस्परसन यांच्या गटाने अनुस्फुरक रंजकांनी गुणसूत्रांवरील पट्टे दाखविण्याच्या नव्या तंत्राने फिलाडेल्फिया गुणसूत्र हे २२ वे असल्याचे सिद्ध केले. १९७३ मध्ये शिकागो येथील जॅनेट राउली यांनी त्याचा तुकडा गळालेला नसून ९ व्या गुणसूत्रावर स्थलांतरित झालेला असतो हे दाखविले. एंझाइमाचे जीन पुढे १९८०–९० या दशकात पहिल्या गुणसूत्रावर आढळले. उपपत्तीचा एकही आधार शिल्लक राहिला नाही. परीक्षा मात्र पूर्वीइतकीच उपयुक्त होती, कारण ती कोणत्याही उपपत्तीवर उभी नव्हती.

खरे कारण कोशिकेबाहेर होते. १९८० च्या सुमारास लंडनमध्ये श्वेतकोशिकार्बुदाच्या रुग्णांचे न्यूट्रोफिल, ज्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ उरले नव्हते अशा इतर रुग्णांना देण्यात आले, तेव्हा दिलेल्या कोशिकांत एंझाइम निर्माण झाल्याचे दिसले. म्हणजे या कोशिकांची क्षमता नष्ट झालेली नव्हती. तिला जाग आणणारा घटक भोवतालच्या रक्तात नव्हता. न्यूट्रोफिलांची निर्मिती उत्तेजित करणारे एक प्रथिन संक्रामणात मुबलक स्रवते व ते एंझाइमाचे जीनही कार्यान्वित करते, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. श्वेतकोशिकार्बुदात कोशिका अशा उत्तेजनाशिवायच वाढत असतात. बेरीज वस्तुतः न्यूट्रोफिल कोणाच्या हुकमाने जन्मले हे सांगते, असे म्हणता येईल.

नैश हीमोग्लोबिनमेहातील न्यूनतेचे कारण पूर्णतः वेगळे निघाले. क्षारीय फॉस्फेटेज कोशिकापटलाला एका विशिष्ट ग्लायकोलिपिड दुव्याने जखडलेले असते. या रोगात तो दुवा तयार करणाऱ्या एका जीनात बिघाड होतो, हे जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये दाखविले. १९८९ मध्ये दोन्ही रोगांची तुलना झाली होती : श्वेतकोशिकार्बुदात एंझाइमाचा संदेशवाहक आरएनएच आढळत नाही, हीमोग्लोबिनमेहात तो असतो, पण प्रथिन टिकत नाही. काचपट्टीवर मात्र दोन्ही कोशिका सारख्याच कोऱ्या दिसतात.

मर्यादा व सद्यस्थिती : कमी बेरीज म्हणजे श्वेतकोशिकार्बुद हे समीकरण डोळे मिटून वापरता येत नाही. त्या रोगाची रुग्ण गर्भवती असेल, तिला संक्रामण झालेले असेल, प्लीहा काढून टाकलेली असेल किंवा रोग तीव्र अवस्थेकडे झुकला असेल, तर बेरीज सर्वसाधारण वा वाढलेली येऊ शकते. चिरकारी न्यूट्रोफिलीय श्वेतकोशिकार्बुद या विरळ रोगात ती ल्यूकेमॉइड अवस्थेप्रमाणेच जास्त असते. म्हणजे नेमक्या तेथे परीक्षा फसवते. संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिससारख्या साध्या आजारातही ती घटू शकते.

९ व्या व २२ व्या गुणसूत्रांच्या सांध्यावर तयार होणारे बीसीआर–एबीएल हे संयुक्त जीन हुडकणे शक्य झाल्यावर या रोगाचे निदान अनुमानाऐवजी प्रत्यक्ष पुराव्यावर आले. २००१ मध्ये याच जीनाच्या प्रथिनाला अटकाव करणारे इमॅटिनिब हे औषध मान्य झाले. त्यानंतर तर संयुक्त जीन आहे की नाही हे पाहिल्याखेरीज योग्य उपचार ठरविणेच अशक्य झाले. पॉलिसायथीमिया व्हेराच्या बाबतीत २००५ मध्ये सापडलेल्या जॅक–२ जीनातील उत्परिवर्तनाने तेच घडविले. हीमोग्लोबिनमेहासाठी कोशिकापटलावरील प्रथिने प्रवाही कोशिकामापनाने थेट मोजतात. अनेक मोठ्या प्रयोगशाळांनी ही परीक्षा बंद केली आहे. जेथे जीनपरीक्षेचा निष्कर्ष दूरच्या शहरातून यावयाचा असतो तेथे, तो येईपर्यंत संक्रामणाचा शोध चालू ठेवावा की नाही हे ठरविण्यापुरता, तासाभरात रंगविलेला लेप अजूनही उपयोगी पडू शकतो. मात्र त्यासाठी बोटातून घेतलेले ताजे रक्त, विश्वासार्ह तुलनात्मक लेप आणि पुसट कण व कोरी कोशिका यांतील फरक ओळखणारी सरावलेली नजर लागते. मागणी घटत गेली तसे असे सरावलेले तंत्रज्ञही विरळ होत चालले आहेत.